गाठ तिथंच थांबली असती तर...?

मित्रांनो, हा अंक हातात पडल्यावर तुम्ही आधी फिशपॉन्ड्स वाचणार, मग ग्रुप फोटोत स्वतःला शोधणार, मग कविता चाळणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. मराठी विभागात कॅन्सरवरचा लेख, तोही इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलीने लिहिलेला, म्हणजे पान उलटायचाच प्रकार! पण थांबा. दहा मिनिटं द्या. रविवारी मेसच्या रांगेत तेवढी जातातच.

एक साधा प्रश्न विचारते. कॅन्सरने माणूस दगावतो म्हणजे नेमका कशाने दगावतो? आपण पटकन म्हणतो, गाठीने. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे आकडे वेगळंच सांगतात. अमेरिकेतल्या नोंदींनुसार गाठ आतड्यातच असताना सापडली, तर पाच वर्षांनंतर १०० पैकी ९० च्या आसपास पेशंट जिवंत असतात. तोच कॅन्सर लिव्हर, फुफ्फुसं अशा दूरच्या ठिकाणी पसरल्यावर सापडला, तर हा आकडा १५ च्या आसपास येतो. गाठ तीच, पेशी त्याच. फरक एवढाच की एका पेशंटमध्ये ती जागेवर बसली होती आणि दुसऱ्यामध्ये ती फिरायला निघाली होती!

या फिरायला निघण्याला डॉक्टर मेटास्टॅसिस म्हणतात. आणि आपल्या प्रत्येक पेशीत असे काही जीन्स असतात, ज्यांचं काम गाठ रोखणं नाही, तर फक्त हा प्रवास रोखणं आहे. त्यांना मेटास्टॅसिस सप्रेसर जीन्स म्हणतात. जीनला मराठीत जनुक म्हणतात, पण आपण जीनच म्हणू या. हा लेख या जीन्सबद्दल आहे.

रिपोर्टमधला एक शब्द

आता इलेक्ट्रॉनिक्सची मुलगी या भानगडीत कशी पडली, ते सांगते. दीड वर्षापूर्वी माझ्या काकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. त्याआधी आठ-नऊ महिने त्यांना संडासवाटे रक्त जात होतं. घरात कुणाला बोलले नाहीत. ‘मूळव्याध आहे, आपल्याकडे सगळ्यांनाच असते’ असं स्वतःलाच सांगून मेडिकलमधून मलम आणत राहिले. शेवटी हिमोग्लोबिन इतकं उतरलं की जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा कुठे तपासण्या झाल्या.

रिपोर्ट अर्थातच इंग्रजीत. घरात इंग्लिश मीडियमची मी एकटी, त्यामुळे वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. त्यात एक शब्द होता, ‘हिपॅटिक मेटास्टॅसिस’. कॉन्व्हेंटच्या कृपेने उच्चार झकास जमला. पण काकूंनी विचारलं, "अगं, दुखणं आतड्यात आणि डाग लिव्हरवर कसे? आणि डॉक्टर म्हणतात, हा लिव्हरचा कॅन्सर नाहीच. मग आहे तरी कशाचा?"

काकूंचा प्रश्न आपल्या कुठल्याही व्हायवापेक्षा अवघड होता. त्याचं उत्तर मला मराठीत द्यायचं होतं आणि मराठीत ते कुठे सापडेना. म्हणून लायब्ररी, इंटरनेट आणि मेडिकलला असलेली माझी मैत्रीण, या तिघांच्या मागे लागले. त्यातून जे समजलं ते इथे मांडते आहे.

पहिलं उत्तर सोपं आहे. लिव्हरमध्ये सापडलेल्या त्या पेशी आतड्याच्याच होत्या. कोल्हापूरचा माणूस मुंबईत राहायला गेला तरी तांबड्या रश्श्याची आठवण काढणारच! पत्ता बदलला म्हणून माणूस बदलत नाही. म्हणूनच त्या डागांवरही आतड्याच्या कॅन्सरचीच औषधं चालतात.

लिव्हरच का, याचंही उत्तर आहे. आतड्यांतून निघणारं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. जेवणातून शोषलेल्या सगळ्या वस्तूंची तपासणी व्हावी म्हणून ते आधी पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये जातं. म्हणजे आतड्यातून सुटलेल्या पेशीचा पहिला स्टॉप लिव्हर. मलाशयाच्या खालच्या भागातलं रक्त मात्र पोर्टल व्हेनला वळसा घालून जातं, म्हणून तिथल्या कॅन्सरच्या पेशी लिव्हरला न थांबता फुफ्फुसांतही पोचू शकतात. निव्वळ पाइपिंग!

पण पाइपिंगने सगळं सुटत नाही. १८८९ मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेट या सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. त्याच्या लक्षात आलं की रक्त सगळीकडे जातं, पण कॅन्सर ठरावीक अवयवांतच रुजतो. बी कितीही उधळलं तरी योग्य जमीन मिळाल्याशिवाय उगवत नाही, असं त्याने मांडलं. शेतकऱ्याच्या घरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पाच इनपुटचा ॲन्ड गेट

आता आपल्या प्रांतात येऊ. एका कॅन्सर पेशीला आतड्यातून लिव्हरमध्ये जाऊन संसार थाटायचा असेल, तर तिला काय काय करावं लागतं? एक, शेजारच्या पेशींचा हात सोडायचा आणि खालचा पडदा फाडून बाहेर यायचं. दोन, रक्तवाहिनीत शिरायचं. तीन, रक्तात जिवंत राहायचं. तिथे प्रवाहाचा मारा असतो आणि रोगप्रतिकारक पेशी टपून बसलेल्या असतात. चार, नव्या अवयवात रक्तवाहिनीतून बाहेर पडायचं. पाच, त्या परक्या जागी तग धरून वाढायचं.

सेकंड इयरला डिजिटलच्या प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनी ॲन्ड गेट लावलेला आहे. सगळे इनपुट वन असतील तरच आउटपुट वन. एक जरी झिरो असला तरी एलईडी पेटत नाही. मेटास्टॅसिस हा असा पाच इनपुटचा ॲन्ड गेट आहे. समजा, प्रत्येक पायरी पार करण्याची शक्यता दहात एक धरली, तर पाचही पार करणारी पेशी लाखात एक निघेल. हे आकडे फक्त हिशेबासाठी आहेत, पण प्रत्यक्षातली परिस्थिती कॅन्सरसाठी याहूनही कठीण आहे. १९७० मध्ये आयझाया फिडलर या शास्त्रज्ञाने कॅन्सरच्या पेशींना किरणोत्सर्गी खूण करून त्या उंदरांच्या रक्तात सोडल्या. २४ तासांनी हजारात एकसुद्धा जिवंत उरली नव्हती. दुर्दैव असं की गाठीत पेशी कोट्यवधी असतात. कोटींच्या गर्दीतून लाखात एक निवडली तरी शंभर निघतात.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू बघा. पाचांपैकी कोणतीही एक पायरी दहाऐवजी शंभरात एक इतकी अवघड केली, तर सगळा निकाल दहापटीने खाली येतो. गाठ मारायची गरज नाही, पाचही दारं बंद करायची गरज नाही. एक दार घट्ट बसलं तरी फरक पडतो. मेटास्टॅसिस सप्रेसर जीन्स नेमकं हेच काम करतात. या लेखात लक्षात ठेवण्यासारखं एकच वाक्य असेल, तर ते हे.

दोन प्रकारचे वॉचमन

इथे एक घोळ होतो, तो आधी निस्तरू. ट्यूमर सप्रेसर जीन्स ही वेगळी मंडळी आहेत. एपीसी आणि पी५३ ही त्यांतली मोठी नावं. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या बर्ट फोगेलस्टाइन यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा जिनाच काढून दाखवला. आधी बहुतेक वेळा एपीसी बिघडतो आणि आतड्याच्या आतल्या अस्तरावर पॉलिप नावाचा छोटा मस उगवतो. मग केरॅस नावाचा ॲक्सिलरेटर अडकतो, पुढे पी५३ जातो आणि पॉलिपचा कॅन्सर होतो. फोगेलस्टाइन आणि एरिक फिअरन यांनी १९९० मध्ये मांडलेली ही क्रमवार पायरी-रचना आजही शिकवली जाते.

ट्यूमर सप्रेसर म्हणजे रूममध्ये दंगा होऊ नये म्हणून फेऱ्या मारणारे रेक्टर सर. मेटास्टॅसिस सप्रेसर म्हणजे गेटवरचे वॉचमन काका. आत तुम्ही रात्री दोन वाजता क्रिकेट खेळा, त्यांना घेणं-देणं नाही. पण गेटच्या बाहेर पाऊल टाकू देणार नाहीत! शास्त्रातली व्याख्याही हीच आहे. ज्या जीनमुळे मूळ गाठीच्या वाढीवर परिणाम होत नाही, पण तिचं पसरणं थांबतं, तो मेटास्टॅसिस सप्रेसर.

क्लोन नंबर २३, ‘काय’ आणि चॉकलेट

असा पहिला जीन १९८८ मध्ये सापडला. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये पॅट्रिशिया स्टीग यांनी उंदराच्या त्वचेच्या एकाच कॅन्सरपासून तयार झालेले पेशींचे वेगवेगळे वंश घेतले. काही फार पसरणारे, काही जवळपास न पसरणारे. मग दोन्हींतले चालू असलेले जीन्स ताडून पाहिले. न पसरणाऱ्या पेशींमध्ये एक जीन जोरात चालू होता आणि पसरणाऱ्यांमध्ये मंदावलेला होता. तो सापडला क्लोन नंबर २३ मध्ये, म्हणून नाव पडलं ‘नॉन-मेटास्टॅटिक २३’, थोडक्यात एनएम२३. पुढे हा जीन पसरणाऱ्या पेशींत घालून त्या उंदरांना टोचल्या, तेव्हा त्यांचं पसरणं कमी झालं. हा खरा पुरावा.

१९९५ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरवर काम करताना दुसरा एक जीन सापडला. त्याचं नाव केएआय१. हे चिनी भाषेतल्या ‘कॅन्सरविरोधी’ या अर्थाच्या ‘कांग आय’ या शब्दांवरून ठेवलं आहे. आपण तो सरळ वाचला तर ‘काय-एक’ होतो, त्यामुळे मैत्रिणीने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा "कुठला जीन?" "काय!" "अगं, तेच तर विचारतेय!" असा संवाद बराच वेळ चालला. विनोद सोडा, पण हा जीन पेशीच्या बाहेरच्या आवरणावर बसणारं प्रथिन बनवतो आणि पेशीची हालचाल व चिकटून राहणं सांभाळतो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये रोग पुढच्या स्टेजला जातो तसं हे प्रथिन कमी होत जाताना दिसलं आहे.

तिसऱ्याचं नाव ऐकून तर बॅक बेंचवर शिट्ट्याच वाजतील. किस१! अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात हर्शी नावाचं गाव आहे. तिथली ‘हर्शीज किसेस’ ही चॉकलेटं जगप्रसिद्ध. १९९६ मध्ये त्याच गावातल्या प्रयोगशाळेत डॅनी वेल्च यांच्या गटाला हा जीन सापडला आणि गावच्या चॉकलेटचं नाव त्याला मिळालं. याची गोष्ट इंजिनिअरला आवडेल अशी आहे. त्यांनी माणसाचं सहा नंबरचं अख्खं गुणसूत्र त्वचेच्या कॅन्सरच्या पेशींत घातलं. गाठ वाढत राहिली, पण पसरायची बंद झाली. मग साहजिकच किस१ सहा नंबरच्या गुणसूत्रावर असायला हवा ना? तो निघाला एक नंबरच्या गुणसूत्रावर! म्हणजे बटण जिन्याखाली आणि दिवा गच्चीवर. सहा नंबरवरच्या कुठल्या तरी नियंत्रकाने एक नंबरवरचा दिवा लावला होता.

किस१ चं काम पाचव्या पायरीवर चालतं. उंदरांवरच्या प्रयोगांत किस१ चालू असलेल्या पेशी फुफ्फुसांपर्यंत पोचल्या, पण तिथे नुसत्या बसून राहिल्या, वाढल्या नाहीत. जणू स्टेशनवर उतरले, पण रूमच मिळेना. (गंमत म्हणजे आपण वयात येतो, त्यासाठी मेंदूत लागणारा संदेशही हाच जीन तयार करतो, हे २००३ नंतर स्पष्ट झालं. निसर्ग एकच आयसी किती ठिकाणी वापरेल, सांगता येत नाही.)

एका माणसाच्या दोन गाठी

हे सगळं त्वचेत आणि प्रोस्टेटमध्ये सापडलं. मग आपल्या विषयाचं, म्हणजे मोठ्या आतड्याचं काय?

अमेरिकेत टेक्सासमधल्या स्कॉट अँड व्हाइट क्लिनिकमध्ये १९७० च्या दशकात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या एका पेशंटच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. मूळ गाठीतल्या पेशींना नाव मिळालं एसडब्ल्यू४८०. त्याच माणसाच्या लसिका ग्रंथीत रोग पसरला, तेव्हा तिथल्या पेशींना नाव दिलं एसडब्ल्यू६२०. एकाच माणसाच्या, एकाच रोगाच्या, प्रवासाच्या आधीच्या आणि नंतरच्या पेशी! अशी जोडी मिळणं म्हणजे चांगल्या आणि बिघडलेल्या बोर्डाची शेजारी शेजारी ठेवलेली जोडी मिळणं. मल्टिमीटर लावा आणि फरक शोधा.

२००० साली संशोधकांनी हीच जोडी तपासली. मूळ गाठीच्या पेशींमध्ये एनडीआरजी१ नावाचा जीन चांगला चालू होता, पसरलेल्या पेशींमध्ये तो मंदावला होता. मग पसरणाऱ्या एसडब्ल्यू६२० मध्ये तो मुद्दाम वाढवला, तेव्हा त्या पेशींचं शेजारच्या भागात घुसणं आणि उंदरांच्या लिव्हरमध्ये पसरणं कमी झालं. एनडीआरजी१ पेशींना एकमेकींचा हात धरून ठेवायला मदत करतो, म्हणजे तो पहिल्या दारावरचा वॉचमन. आरकेआयपी नावाचा आणखी एक आहे, तो पेशीच्या आतल्या ‘वाढ, हल, पुढे जा’ या संदेशाच्या वायरीवर ब्रेक लावतो. आतड्याच्या गाठीत त्याचं प्रथिन कमी असेल, तर रोग पसरण्याची शक्यता जास्त दिसते.

याउलट बाजूचेही जीन्स आहेत. २००९ मध्ये बर्लिनच्या उलरिके श्टाइन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये मॅक१ नावाचा जीन शोधला. तो प्रवासाला जोर देतो. अजून न पसरलेल्या गाठीत तो जास्त चालू असेल, तर पुढे पसरण्याचा धोका जास्त, असं त्यांना दिसलं.

मात्र सगळं असं सरळ रेषेत येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. एनएम२३ चंच बघा. १९९१ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये या जीनचा तुकडा गळालेल्या पेशंटमध्ये रोग जास्त पसरतो, असं दिसलं. नंतर इतर गटांनी तपासलं, तर काहींना तसा संबंधच आढळला नाही. एकच जीन एका अवयवात गेट सांभाळतो आणि दुसऱ्यात नुसताच खुर्चीत बसतो, असं होऊ शकतं. आज अशा जीन्सची यादी ३० च्या घरात आहे, पण प्रत्येकाची ड्यूटी कुठे आणि किती, हे अवयवागणिक वेगळं तपासावं लागतं.

फाईल फाटली नाही, कपाटात आहे

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग. एपीसी आणि पी५३ बिघडतात म्हणजे बहुतेक वेळा त्यांच्या डीएनएच्या अक्षरांतच चूक होते. म्हणजे सबमिशनची फाईलच फाटली. मेटास्टॅसिस सप्रेसर जीन्सचं तसं नाही. त्यांची अक्षरं बहुतेक वेळा शाबूत असतात, जीन फक्त बंद असतो. कधी डीएनएवर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक टॅग चिकटतात आणि पेशीला ते पान वाचता येत नाही. फाईल धडधाकट आहे, पण कपाटाला कुलूप आहे.

याला जुळणारा पुरावा फोगेलस्टाइन यांच्याच गटाने २००८ मध्ये दिला. त्यांनी एकाच पेशंटची आतड्यातली गाठ आणि दूर पसरलेली गाठ, दोन्हींतल्या डीएनएच्या चुका मोजल्या. अपेक्षा होती की पसरलेल्या गाठीत बऱ्याच नव्या, ‘पसरवणाऱ्या’ चुका सापडतील. तशा जवळपास सापडल्याच नाहीत. त्यावरून त्यांनी गणित मांडलं. मोठ्या साध्या गाठीपासून पुढच्या टप्प्याचा कॅन्सर व्हायला सुमारे १७ वर्षं लागतात, पण त्या कॅन्सरमधल्या पेशींना पसरायची ताकद यायला दोन वर्षांहूनही कमी!

या दोन आकड्यांत आशा आणि भीती दोन्ही आहेत. आशा अशी, की फाटलेली फाईल चिकटवणं अवघड, पण कुलूप उघडता येऊ शकतं. ऑस्ट्रेलियात डेस रिचर्डसन यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की पेशीतलं लोह पकडून ठेवणारी काही रसायनं एनडीआरजी१ ची पातळी वाढवतात. हे प्रयोगशाळेतल्या पेशींवरचं काम आहे, कृपया कुणी घरगुती प्रयोग करू नका. स्टीग यांच्या गटानेही एका जुन्या हार्मोनच्या औषधाने एनएम२३ पुन्हा वाढतो का, हे पाहिलं. पेशींमध्ये आणि उंदरांमध्ये उत्तर उत्साहवर्धक होतं. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटवरच्या छोट्या चाचणीत मात्र गाठी आक्रसल्या नाहीत.

इथेच मोजमापाचा मोठा प्रश्न येतो. नवं औषध चाचणीत पास व्हायला सहसा गाठ लहान झालेली दिसावी लागते. पण वॉचमनचं काम गाठ लहान करणं हे नाहीच! तो पुढचा प्रवास थांबवतो. जे घडलं नाही ते मोजणार कसं? हे म्हणजे फ्यूज चांगला आहे की नाही, ते पंख्याच्या स्पीडवरून ठरवण्यासारखं आहे. त्यात चाचणीत येणारे पेशंट बहुतेक वेळा असे असतात, की ज्यांचा रोग आधीच पसरलेला आहे. खरी परीक्षा ऑपरेशन झालेल्या, पण अजून न पसरलेल्या पेशंटमध्ये घ्यायला हवी, आणि त्याला अनेक वर्षं व भरपूर पैसा लागतो. स्टीग स्वतः हा मुद्दा अनेक वर्षं मांडत आल्या आहेत. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये हे जीन्स चालू करणारं मान्यताप्राप्त औषध आज नाही.

काकांचं ऑपरेशन झालं, लिव्हरचा डाग असलेला भागही काढला, केमो झाली. आता दर तीन महिन्यांनी रक्ताची सीईए टेस्ट असते आणि अधूनमधून स्कॅन. काकू विचारतात, "सगळं काढलं ना, मग परत परत तपासणी कशाला?" आता मी सांगू शकते. एखादी पेशी कुठे तरी नुसती बसून राहिलेली असू शकते. तिला झोपवून ठेवणारा जीन जागा आहे की नाही, ते बाहेरून दिसत नाही. म्हणून तपासत राहायचं. काकू मान डोलावतात आणि रिपोर्टच्या आदल्या दिवशी उपास करतात. दोन्ही चालू आहे.

होस्टेलसाठी चार गोष्टी

आता १७ आणि दोन या आकड्यांकडे पुन्हा बघा. औषध येईल तेव्हा येईल, पण गाठ जागेवर असण्याचा काळ मोठा आहे आणि तो आपल्या हातात आहे. पॉलिपच्या अवस्थेत कोलोनोस्कोपीने तो दिसतो आणि त्याच वेळी खुडून काढता येतो. मग वॉचमनची परीक्षा बघायची वेळच येत नाही.

एक. संडासवाटे रक्त जाणं बहुतेक वेळा मूळव्याधीचं किंवा फिशरचं असतं, हे खरं. पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं, मेडिकलवाल्याने नाही आणि रूम पार्टनरने तर अजिबात नाही.

दोन. काही आठवडे टिकणारा शौचाच्या सवयीतला बदल, कारण नसताना घटलेलं वजन, आणि विशेषतः पुरुषांमध्ये किंवा वयस्कर बायकांमध्ये लोहाच्या कमतरतेने उतरलेलं हिमोग्लोबिन, यांकडे दुर्लक्ष नको. ‘मेसच्या जेवणामुळे’ हे आपलं सगळ्या आजारांवरचं लाडकं निदान आहे, पण दर वेळी मेस दोषी नसते. मोठ्या आतड्याचा कॅन्सर म्हातारपणीचा रोग मानला जातो, तरी अनेक देशांत पन्नाशीच्या आतल्या लोकांमध्ये तो वाढताना दिसतो आहे.

तीन. सर-मॅडम, ऑफिसमधले काका, मेसच्या मावशी, हे तुमच्यासाठी. अमेरिकेत २०२१ पासून सर्वसाधारण माणसाची तपासणी ५० ऐवजी ४५ व्या वर्षी सुरू करावी असा सल्ला आहे. भारतात राष्ट्रीय पातळीवर ज्या कॅन्सरची सरसकट तपासणी ठरवलेली आहे, ते तोंडाचे, स्तनाचे आणि गर्भाशयमुखाचे आहेत. म्हणजे आतड्याचं आपणच डॉक्टरांना विचारायचं. डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी शौचाची साधी टेस्टही असते.

चार. आईवडील, भाऊ-बहीण यांच्यापैकी कुणाला हा रोग असेल, तर तपासणी लवकर, साधारण चाळिशीत, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा. काकांच्या आजारानंतर हे समजलं म्हणून आम्ही बाबांना धरून नेलं. खूप कुरकुर केली त्यांनी. आदल्या रात्री पोट साफ करायचं औषध पिताना तर मला चांगलंच ऐकवलं. दोन पॉलिप निघाले. तिथल्या तिथे काढले आणि दुपारी बाबा घरी येऊन वरण-भात जेवले.

२०२२ मध्ये जगभरात सुमारे १९ लाख लोकांना हा कॅन्सर झाल्याचं निदान झालं आणि सुमारे ९ लाख दगावले. कॅन्सरच्या मृत्यूंमध्ये तो दुसऱ्या नंबरवर आहे. यांतल्या कितीतरी जणांची गाठ एके काळी जागेवर होती आणि त्यांना सांगायला लाज वाटत होती.

आपण होस्टेलवर एकमेकांना सगळं सांगतो. क्रशचं नाव सांगतो, के.टी. किती लागल्या ते सांगतो, घरून किती पैसे आले तेही सांगतो. संडासचं मात्र बोलत नाही. कुणी चाचरत बोललंच, तर हसू नका. "चल, उद्या लेक्चर बंक करू, दवाखान्यात मी येते सोबत," एवढंच म्हणा. बंक मारायला याहून चांगलं कारण मला तरी माहीत नाही.

— टी.ई., इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन